मोठ्या बाई आउट

२ सप्टेंबर, सोमवार

डायरी लिहिण्याची कल्पना माझी नाही, ह्यांची. "तुझी शाळा ऐकता ऐकता माझं जेवण रोज गार होतं," हे म्हणाले. "त्यापेक्षा कागदाचं डोकं खा. त्याला भूक लागत नाही." हे इस्पितळात एक्स-रे काढतात. दिवसभर लोकांना श्वास रोखा, हलू नका असं सांगायची सवय. घरी मी हलते आणि बोलतेही, ते सोसत नसावं. असो, लिहिते.

या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून येऊन मला पुरता महिनाही झाला नाही आणि आज शिक्षण कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या अधिकारी बाईंनी बसायला सांगून चहा मागवला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. सरकारी चहा फुकट नसतो. आमची शाळा आणि कालव्यापलीकडची शाळा, दोन्हींत मुलं कमी. एक बंद करून दुसरीत मिळवायची. कोणती, ते डिसेंबरात ठरणार. आमच्याकडे मधल्या सुट्टीनंतर निम्मी बाकं रिकामी असतात हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. मी दुपारी ऑफिसचं दार लावून काम करते.

परत आले ती थेट मागच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मुलं मागच्या भिंतीवरून पलीकडे जाऊ लागली. आधी दप्तर, मग एक पाय नळाच्या पाइपावर, मग उडी. अगदी शिस्तीत, रांगेने. वर्गात जाताना कधी अशी रांग केली नाही. आमचे खेळाचे सर झाडाखाली उपड्या बादलीवर बसून हे बघत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "उड्या बघा, बाई. एकालाही खरचटत नाही." ज्याची लाज वाटायची त्याचं त्यांना कौतुक.

शाळा बंद झाली तर पहिली-दुसरीतली पिल्लं रोज कालव्याच्या अरुंद पुलावरून, ट्रकांच्या बाजूने चालत जाणार. ते चित्र संध्याकाळपासून डोळ्यांसमोरून हलत नाही.

परिपत्रक काढलं: भिंतीवरून उडी मारण्यास सक्त मनाई आहे.

४ सप्टेंबर

परिपत्रक चौकटीत घालून त्या भिंतीवरच लावलं होतं, म्हणजे कोणी 'पाहिलं नाही' म्हणायला नको. आज पाहिलं, तर चौकटीवर पाय देऊन चढणं लहान मुलांनाही जमू लागलंय. चौकट मजबूत आहे, एवढं म्हणायला हवं.

९ सप्टेंबर, सोमवार

खेळाचे सर आज आपणहून ऑफिसात आले. त्यांना मुलं 'गोगलगाय' म्हणतात. मी हे नाव चुकून ऐकलं, पण ठेवणाऱ्याची निरीक्षणशक्ती चांगली आहे. सर कधी धावत नाहीत. गळ्यात शिट्टी असते, ती वाजवण्यापेक्षा चघळण्याचं काम जास्त करते.

त्यांचं म्हणणं असं. खेळाचा तास रोज घ्यावा, आणि तो शेवटचा असावा. जो दुपारी पळाला त्याला खेळ नाही. आणि तो तास कोणी मागून नेऊ नये. इतकी वर्षं परीक्षेआधी तो गणिताने नेला, परीक्षेनंतर विज्ञानाने, आणि मधल्या काळात पाहुण्यांच्या भाषणांनी. "माझा तास म्हणजे शेजाऱ्याची शिडी झालाय, बाई. ज्याला हवी तो उचलून नेतो, आणि परत आणून देत नाही." हे मात्र ते कळवळून बोलले.

मी संध्याकाळी शिक्षकांची बैठक घेतली. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या की आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. मुलं अभ्यासाला थांबत नाहीत, त्यांना आणखी खेळायला सोडायचं? विज्ञानाच्या बाई तोंडाच्या फटकळ आहेत. गणिताचे सर झोपेतून जागे झाल्यासारखे म्हणाले, कल्पना उत्तम, फक्त माझा तास घेऊ नका. खेळाचे सर म्हणाले की शिक्षकांचाही संघ हवा, रोज एकेका वर्गाशी खेळायला. त्यावर सगळे छताकडे बघू लागले. छताला पोपडे आले आहेत, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

कोणीतरी उदाहरण घालून द्यायला हवं. मी म्हटलं, मी खेळेन. खेळाच्या सरांनी माझ्या पायातल्या चपलांकडे पाहिलं आणि शिट्टी तोंडात घातली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून सुरुवात. खेळाचं नाव डॉजबॉल. एक संघ रिंगणात उभा राहतो, दुसरा भोवतीने चेंडू फेकून मारतो. लागला की आउट. चेंडू मऊ असतो. एवढी बुद्धी ज्याने लढवली त्याला शाळेत मागच्या बाकावर बसवत असणार.

मी पदर खोचून उभी राहिले. अपेक्षेप्रमाणे मुलांनी आदर दाखवला. ओढ्यातल्या दगडाला वळसा घालून पाणी जावं तसा चेंडू मला वळसा घालून जात होता. भूगोलाचे सर आउट, विज्ञानाच्या बाई आउट, सगळे आउट. मी एकटीच उभी. मला वाटलं, जमतंय की.

खेळाचे सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "कोणी मारत नाही म्हणजे तुम्ही खेळत नाही आहात, बाई. नुसत्या उभ्या आहात."

झोंबलं. मी मोठ्यांदा म्हटलं, मारा. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग सातवीतल्या त्या दांडग्या पोराने, जो भिंतीवर सगळ्यात आधी असतो, डोळे मिटून चेंडू फेकला. कमरेवर बसला. मैदान असं चिडीचूप झालं की पलीकडच्या रस्त्यावरची सायकल ऐकू आली. मी नियमाप्रमाणे 'आउट' म्हटलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. माझी पाठ वळताच मागे कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज झाला. सगळी शाळा हसत होती.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, दाखव कुठे लागलं. मग तपासून निदान केलं, "हाड शाबूत आहे. ताठा थोडा मुरगळलाय."

१८ सप्टेंबर

दुसरं परिपत्रक काढलं. मधल्या सुट्टीनंतरची उपस्थिती अनिवार्य. 'अनिवार्य'खाली दोन रेघा.

२६ सप्टेंबर, गुरुवार

परिपत्रकाचा परिणाम थक्क करणारा आहे. दुपारी भिंतीवर चिटपाखरू नाही. सातवीची सगळी बाकं भरलेली. मी मुद्दाम दोनदा फेरी मारली. भाषा कडक असली आणि रेघा ठळक असल्या की मुलं ऐकतात, हे मी नेहमीच म्हणत आले.

खेळात मात्र माझी प्रगती नाही. रोज पहिली आउट मीच. आज सहावीच्या पोरी चिठ्ठ्या टाकत होत्या. कशासाठी ते विचारलं तर एकदम पांगल्या. परवा एका मुलाला पडसं झालं होतं, घरी जा म्हटलं तर गयावया करू लागला की आज आमच्या वर्गाची पाळी आहे, बाई, नका ना पाठवू. अभ्यासाची ओढ लागली की अशी लागते.

विज्ञानाच्या बाई आजकाल चपळ झाल्या आहेत. खेळाला विरोध केला होता त्यांनी, आता शेवटपर्यंत रिंगणात टिकतात. वर मला म्हणतात, चेंडू येताना तुम्ही डोळे मिटता, बाई. मी मिटत नाही. चेंडू फार जवळून येतो.

३ ऑक्टोबर

एक तक्रार लिहून ठेवते. मुलं फार सोकावली आहेत. पूर्वी मी व्हरांड्यातून गेले की पाखरं उडावीत तशी पांगायची. आता वाटेत अडवतात. ऑफिसचं दार मी हल्ली उघडं ठेवते, कारण खेळून आल्यावर उकडतं, तर कोणीही आत येतं आणि काहीही सांगतं. नळाला पाणी येत नाही. पाचवीचा फळा इतका गुळगुळीत झालाय की खडू उमटत नाही. मुलींच्या संडासाला कडी नाही, एकीला आत जायचं तर दुसरीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं. म्हणून काही मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि पूर्वी दुपारी घरी पळायच्या त्या यासाठीच. गणिताचे सर तासाला झोपतात, हेही एकाने सांगितलं, आणि वर म्हणाला, पण त्यांना रागावू नका, त्यांच्या घरी बाळ झालंय.

इतकी वर्षं हे सगळं कोणी कसं बोललं नाही, मला कळत नाही. कडी आज बसवून घेतली. फळ्याला काळा रंग देतील. गणिताच्या सरांचा पहिला तास बदलून तिसरा केला, काही कारण न सांगता. ते माझ्याकडे बघून इतके हसले की मलाच अवघडल्यासारखं झालं.

शिस्त ढासळत्येय का, हा विचार मनात आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

खेळाच्या सरांनी नवी योजना आणली. मैदानाजवळ गुणफलक लावायचा. वर्गातलं प्रत्येक मूल हजर असेल तर वर्गाला गुण, एक जरी कमी तरी शून्य. महिन्याअखेर पहिल्या वर्गाला नवा चेंडू. सर एरवी हळू बोलतात, आज भरभर बोलत होते. मला योजना अतिशय पसंत पडली. तिसरं परिपत्रक काढून खाली सही ठोकली.

१४ ऑक्टोबर

हजेरी पूर्ण. सगळ्या वर्गांची. अधिकारी बाईंना कळवलं. त्यांनी फोनवर "अस्सं?" म्हटलं. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

पाचवीत एक मुलगी आहे. अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक. तिची आई तिला चिमणी म्हणते, वर्गही तेच म्हणतो. तिला तीन दिवस ताप होता, म्हणजे वर्गाला तीन दिवस शून्य. आज दुपारी वर्गातली चार मुलं सुट्टीत तिच्या घरी गेली. आई इस्त्रीच्या दुकानात होती. मुलांनी हातांची खुर्ची केली, चिमणीला पांघरुणासकट उचललं आणि शाळेत आणून बाकावर बसवलं. हजेरी झाली. पाचवीला गुण मिळाला. मी स्वतः फलकावर तो आकडा पाहिला आणि 'वा' म्हटलं. मग वर्गात गेले, तर पोर बाकावर डोकं टाकून फणफणत होती, आणि तिच्या शेजारची मुलगी तिला हळूच सांगत होती, "घंटा होईपर्यंत थांब हं, मग सोडतो."

मी तिला उचललं. वजन असं नव्हतंच. ऑफिसात निजवलं आणि ह्यांना फोन केला. हे डॉक्टरांना घेऊन आले. तोवर आई पोचली. तिच्या हातावर इस्त्रीचे जुने डाग आहेत. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. "माझी पोर गुण मोजायला दिली नव्हती तुम्हाला," एवढंच म्हणाली.

खेळाचे सर पुढे झाले, चूक माझी आहे म्हणू लागले. मी त्यांना थांबवलं. परिपत्रकाखाली सही माझी आहे.

संध्याकाळी सरांनी स्वतः फलक उतरवला. मी गेले तेव्हा ते सामानाच्या खोलीत हवा गेलेल्या चेंडूंच्या मध्ये बसले होते. म्हणाले, "जी मुलं कधीच निवडली जात नाहीत, ती खेळावीत म्हणून एवढं केलं. आणि त्यांनाच ओझं करून ठेवलं." मी त्यांच्याबरोबर चेंडूंत हवा भरली. मला ते जमतं.

२५ ऑक्टोबर

डॉक्टरांचं औषध लागू पडलं, ताप उतरला. चिमणीला बघायला गेले होते. एकच खोली, पुढच्या भागात इस्त्रीचं टेबल, मागे पलंग. चिमणी उशीला टेकून बसली होती. मला बघून पांघरुणात तोंड लपवलं.

आई आज मऊ होती. चहा दिला, आणि सांगायला नको ते सांगितलं. चिमणी म्हणे रोज घरी येऊन माझी नक्कल करते. मी चेंडू यायच्या आधीच डोळे मिटून दोन्ही हात कसे वर करते, आउट झाले की पदर सावरत ताठ मानेने कशी चालते. ताप असताना सुद्धा केली. "हसून हसून खोकला येतो हो तिला," आई म्हणाली. "आधी शाळेतून आली की तोंड शिवल्यासारखी बसायची."

मी चहा संपवून निघाले. बाहेर आल्यावर कान तापले होते. म्हणजे मी घराघरांतला तमाशा झाले आहे. सगळं आयुष्य या पेशात घालवलं, कुणी तोंडावर हसलं नव्हतं. डोळेही मिटते म्हणे मी.

उद्यापासून खेळणार नाही. मुख्याध्यापिकेला कामं असतात.

५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात शांतपणे काम होतं. दार लावून घेते. शिक्षकांच्या संघात माझ्या जागी गणिताचे सर गेले. ते पहिल्या तासाची झोप काढून ताजेतवाने असतात आणि चेंडू बरोबर झेलतात. खेळ आता खूप नीटनेटका होतो म्हणे.

सातवीत आज सहा बाकं रिकामी. हवा बदलली आहे, त्याचं असेल.

११ नोव्हेंबर

हवेचं नाही. भिंत पुन्हा गजबजली. चौथं परिपत्रक काढलं, पिवळ्या कागदावर, कारण पांढरा डोळ्यांत भरत नसावा. मजकूर रात्री ह्यांना वाचून दाखवला. हे म्हणाले की मजकुरात काही दोष नाही. मग बराच वेळ चमचा कपात फिरवत बसले. साखर हे घेत नाहीत.

१८ नोव्हेंबर

खेळाचे सर दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. मी बोलावलं नाही. मुलंही आत येत नाहीत हल्ली. सुटले, असं वाटायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

विज्ञानाच्या बाई दार न वाजवता आत आल्या आणि समोर बसल्या. हातात माझं पिवळं परिपत्रक होतं.

"मोठ्या बाई, हे मुलं वाचत नाहीत," त्या म्हणाल्या. "खरं सांगू का, मीही वाचत नाही."

मी म्हटलं, सप्टेंबरात वाचलं होतं सगळ्यांनी, त्याशिवाय का मुलं थांबली?

"मुलं तुम्हाला चेंडू मारायला थांबली," त्या म्हणाल्या. "आज कोण मारणार याच्या सुट्टीत चिठ्ठ्या पडायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल तो काय पळून जाईल? आणि तुम्ही निमूट 'आउट' म्हणून बाहेर जायचात. मला वाटलं होतं हे नाटक आहे. मग कळलं, तुम्हाला खरंच येत नाही."

त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "ज्यांना काही येत नाही ती मुलं मैदानाच्या कडेला उभी राहायची, बाई. ती आत आली. मोठ्या बाईंना येत नाही तरी खेळतात, मग आपण का नाही, असं म्हणत आली. मला माझ्या वर्गात इतक्या वर्षांत नाही जमलं ते. न समजलेलं पोर हात वर करत नव्हतं. आता करतं."

मग दार लावून गेल्या. इतकं बोलायला त्यांनाही जड गेलं असावं. जाताना परिपत्रक मात्र नेलं, त्याच्या मागच्या बाजूला आकृती काढायची आहे म्हणाल्या.

ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? हे म्हणाले, एक्स-रे काढायला येणारा प्रत्येक पालक विचारतो की आज बाई किती वेळ टिकल्या. मग सांगितलं का नाही? "सांगितलं असतं तर तू सरावाला लागली असतीस," हे म्हणाले.

रागावून झोपायला आले आहे. पण डोक्यात दुसरंच घोळतंय. कडीचं त्या मुलींनी मला सांगितलं होतं. कोणाला सांगितलं? परिपत्रकं काढणाऱ्या बाईंना की कमरेवर चेंडू खाणाऱ्या बाईंना? मला वाटतं दोन्ही मीच आहे. पण त्यांना बहुधा दुसरी ओळखीची वाटली.

२० नोव्हेंबर, बुधवार

शेवटच्या तासाला मैदानावर गेले. देखरेखीसाठी. पाचवीची पाळी होती. खेळाचे सर बादलीवर बसले होते, त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि काही न विचारता गणिताच्या सरांना बाहेर बोलावलं.

मी रिंगणात गेले. चिमणी कडेला उभी होती. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण अजून खेळली नव्हती. मी तिला म्हटलं, ऐकलंय तू माझ्यासारखी चालतेस. तिचा चेहरा कागदासारखा झाला. मी म्हटलं, चालून दाखव. सगळ्यांचा आग्रहावर आग्रह झाला तेव्हा तिने ओढणीचा पदर केला, मान ताठ केली आणि चालून दाखवलं. हुबेहूब होतं. मी अशी चालते हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी हसले, आणि हसता हसता खालीच बसले. तशात कोणीतरी चेंडू मारला. बसलेल्याला मारणं नियमात बसतं का, हे सरांना विचारायचं राहिलं.

चिमणी आज खेळली.

५ डिसेंबर, गुरुवार

अधिकारी बाई न कळवता आल्या, दुपारी, म्हणजे नेमक्या त्याच वेळी. मी चारही परिपत्रकांची फाइल पुढे ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. वर्गावर्गातून फिरल्या. वर्ग भरलेले होते, अगदी पूर्ण नाही, दोघं तापाने घरी होते आणि त्यांच्या रिकाम्या बाकांवरून कोणी रागावलेलं नव्हतं. विज्ञानाच्या वर्गात हात वर झाले. मुलींच्या संडासात जाऊन त्यांनी कडी लावून पाहिली. बाहेर येऊन म्हणाल्या की लागणारी कडी त्यांना फार शाळांत पाहायला मिळत नाही.

मग मैदान. तिथे त्यांना चिमणी भेटली. अधिकारी बाईंनी खाली वाकून विचारलं, तुझ्या शाळेत चांगलं काय आहे?

माझा जीव टांगणीला. शेजारच्या भिंतीवर स्वच्छतेचं घोषवाक्य होतं, ते तरी वाचून दाखवायचं.

चिमणी म्हणाली, "आमच्या मोठ्या बाई लवकर आउट होतात."

अधिकारी बाई वळून माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, हो, खरं आहे. आणखी काय म्हणणार? त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. चहाही घेतला नाही. गेलं सगळं, असं वाटलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

आदेश आला. कालव्यापलीकडची शाळा बंद होऊन आमच्याकडे येणार, सहा जानेवारीपासून. तिथली मुलं शाळेच्या बसने येतील, पुलावरून चालत नाही, असं आदेशात आहे. मी फोन करून पुन्हा खात्री करून घेतली.

शिक्षकखोलीत टाळ्या झाल्या. गणिताचे सर कोणालातरी मिठी मारायला निघाले होते, नेमक्या विज्ञानाच्या बाई समोर आल्या म्हणून थांबले. खेळाच्या सरांनी शिट्टी वाजवली. खोलीत. पहिल्यांदाच तिचा आवाज इतका मोठा आहे हे कळलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, मग आनंदी का नाहीस? मी म्हटलं, तिथेही कोणीतरी मुख्याध्यापक आहे. त्यानेही फाइल केली असेल. ह्यांनी मान हलवली आणि जेवायला वाढलं.

६ जानेवारी, सोमवार

नवीन मुलं आली. बसमधून उतरली ती मैदानाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दप्तरं छातीशी धरून. आमची मुलं समोर. मध्ये ओस मैदान. कोणी कोणाशी बोलेना. आमच्यातल्या एकाने 'बंद शाळा' म्हणून ओरडून घेतलं, त्याच्याकडे मी नुसतं पाहिलं. दुपारी नवीन मुलांपैकी चौघं भिंतीपाशी घोटाळताना दिसली. उंची मापत होती.

स्वागतपर परिपत्रक लिहायला घेतलं होतं. चांगलं जमलंही होतं. अर्ध्यावर कागद बाजूला ठेवला आणि शेवटच्या तासाची वाट न बघता सगळ्यांना बाहेर बोलावलं.

खेळाच्या सरांना म्हटलं, आज संघ मिसळायचे. ते म्हणाले, मिसळणार नाहीत बाई, आज नाही. मग एक करा म्हटलं, नवीन मुलं बाहेर उभी राहू देत आणि रिंगणात मी एकटी.

उभी राहिले. चेंडू नवीन मुलांकडे गेला. त्यांनी तो विंचू असल्यासारखा एकमेकांकडे सरकवला. शेवटी एका लांब वेण्यांच्या मुलीच्या हातात राहिला. तिने तो दप्तरासारखा छातीशी धरला. त्या शाळेत तिने बहुधा मुख्याध्यापकांना फक्त व्यासपीठावर पाहिलं असेल. आमची सगळी मुलं श्वास रोखून बघत होती. चिमणी ओरडून म्हणाली, "मार ना, काही करत नाहीत त्या."

मी मनात म्हटलं, मार, बाळा. आज पहिल्याच दिवशी तुमच्यातल्या एकाने तरी मला मारलंच पाहिजे, नाहीतर आपलं काही खरं नाही.

मी डोळे उघडे ठेवले. पुरते उघडे. म्हणून सांगू शकते, नेम चांगला आहे पोरीचा. खांद्यावर बसला.